लॅपटॉप, मान आणि मनगट : तीनशे वर्षांची गोष्ट

"डॉक्टर, दिवसभर लॅपटॉपवर असतो. संध्याकाळी मान धरते, खांदे भरून येतात, डोळे चुरचुरतात. एक्स-रे काढू या का?"

हा प्रश्न आता कोणत्याही दवाखान्यात रोजचा झाला आहे. विचारणारे सगळे आयटीतलेच असतात असे नाही. शिक्षक असतात, बँकेतले असतात, सीए असतात, बारावीची मुले असतात. यातल्या बहुतेकांच्या बाबतीत मानेच्या एक्स-रेपेक्षा त्यांच्या कामाच्या जागेचा एक फोटो जास्त काही सांगून जातो.

लॅपटॉप कसा वापरावा याच्या सूचना तुम्ही कुठे ना कुठे वाचल्या असतीलच. वाचल्या आणि सोडून दिल्या, कारण त्या "पाठ ताठ ठेवा" अशा शाळेतल्या बाईंच्या दटावणीसारख्या वाटतात. म्हणून आज आधी इतिहास सांगतो. या सूचना कुणी घरबसल्या रचलेल्या नाहीत. तीनशे वर्षे कारकून, तारमास्तर, टायपिस्ट यांनी हात आणि मान दुखवून घेतल्यावर त्या शिकल्या गेल्या आहेत. त्यातली सर्वात महत्त्वाची शिकवण लॅपटॉपने नकळत कशी पुसून टाकली, हेही त्यातून कळेल.

कारकुनांचा डॉक्टर

इटलीत मोडेना येथे बर्नार्दिनो रामाझिनी (१६३३ ते १७१४) नावाचे वैद्यकाचे प्राध्यापक होते. पुढे ते पादुआच्या विद्यापीठात गेले. १७०० मध्ये त्यांनी कामगारांच्या आजारांवर एक ग्रंथ लिहिला. खाणकामगार, कुंभार, विणकर, सुईणी अशा अनेक व्यवसायांतले आजार त्यात आहेत. रुग्णाला विचारायच्या नेहमीच्या प्रश्नांत आणखी एका प्रश्नाची भर घाला, असे त्यांनी डॉक्टरांना सांगितले. तो प्रश्न म्हणजे, "तुम्ही काम काय करता?"

१७१३ च्या वाढीव आवृत्तीत त्यांनी लेखनिकांवर एक प्रकरण घातले. लेखनिकांच्या दुखण्याची त्यांनी तीन कारणे दिली आहेत : सतत बसून राहणे, हाताची त्याच त्या दिशेने अखंड हालचाल, आणि चूक होऊ नये म्हणून मनावर असलेला ताण.

ही तीन कारणे पुन्हा एकदा वाचा. महिनाअखेरीला एक्सेल शीटमध्ये मान घालून बसलेल्या माणसाला ती तंतोतंत लागू पडतात. तेव्हा ना वीज होती, ना पडदा. म्हणजे दोष केवळ यंत्राचा नाही. एका जागी, एका ढंगात, ताणाखाली तासन् तास काम करणे शरीराला मानवत नाही, ही मुळातली गोष्ट आहे.

रामाझिनींनी आपल्या ओळखीच्या एका लेखनिकाची हकीगत दिली आहे. लिहून लिहून त्याचा उजवा हात निकामी झाला. त्याने डाव्या हाताने लिहायला शिकून घेतले आणि काही काळाने डाव्या हाताचीही तीच गत झाली. "उजवे मनगट दुखते म्हणून माऊस डावीकडे घेतला" असे सांगणाऱ्यांनी ही गोष्ट लक्षात ठेवावी. हात बदलल्याने थोडा आराम पडतो, पण कामाची पद्धत तीच राहिली तर दुखणेही दुसऱ्या हातात जाऊ शकते.

निब, तार आणि टंकलेखन

एकोणिसाव्या शतकात ब्रिटनमध्ये पिसाच्या लेखणीऐवजी पोलादी निब आली आणि कचेऱ्यांतले लिखाण बेसुमार वाढले. कारकुनांची बोटे लिहिताना आखडू लागली. लिहायला बसले की बोटे वेडीवाकडी वळत, इतर कामे मात्र नीट होत. याला 'रायटर्स क्रॅम्प' म्हणू लागले. पुष्कळांनी दोष पोलादी निबेला दिला. आज आपल्याला ठाऊक आहे की हा मेंदूकडून स्नायूंना जाणाऱ्या आज्ञांमधला बिघाड आहे. नवे यंत्र आले की सगळे खापर त्याच्यावर फोडायचे, ही सवयही तितकीच जुनी आहे.

मग तारयंत्र आले. मोर्सची कळ दिवसभर कडकट्ट वाजवणाऱ्या तारमास्तरांचे हात दुखू लागले. अमेरिकेत त्याला 'काचेचा हात' म्हणत. ब्रिटनमध्ये १९०८ साली 'टेलिग्राफिस्ट्स क्रॅम्प' हा भरपाई मिळण्यास पात्र अशा व्यवसायजन्य आजारांच्या यादीत घेतला गेला. कळा दाबून होणारे दुखणे कायद्याने मान्य होण्याला शतक उलटून गेले आहे!

टाइपरायटरचे पेटंट अमेरिकेत ख्रिस्तोफर शोल्स आणि सहकाऱ्यांना १८६८ मध्ये मिळाले. रेमिंग्टन कंपनीने तो १८७४ मध्ये बाजारात आणला. ही कंपनी बंदुका आणि शिवणयंत्रेही बनवत असे. त्यामुळे पहिला टाइपरायटर शिवणयंत्रासारख्या स्टँडवर बसवलेला होता आणि पुढच्या ओळीवर जाण्यासाठी चक्क पायाने पॅडल दाबावे लागे.

आपल्याकडे गोदरेजने १९५५ मध्ये भारतीय बनावटीचा टाइपरायटर आणला. पुढची चाळीसएक वर्षे महाराष्ट्रातल्या प्रत्येक तालुक्याच्या गावी टायपिंग क्लास होता. ३० आणि ४० शब्दांच्या परीक्षा दिलेले वाचक आजही भेटतात. त्या क्लासमधली बसायची शिस्त त्यांना आठवत असेल : पाय जमिनीला टेकलेले, पाठ सरळ, कोपरे अंगाजवळ, मनगट अधांतरी. टायपिंगचे टेबलही साध्या टेबलापेक्षा बुटके असे, म्हणजे खांदे उचलावे लागत नसत.

त्या यंत्रात एक मोठा गुण होता, जो तेव्हा कुणाला गुण वाटला नाही. ओळ संपली की हात उचलून कॅरेज ढकलायचे. पान संपले की कागद काढायचा, कार्बन लावायचा, नवा कागद घालायचा. रिबन बदलायची, फाइल आणायला उठायचे. शरीराला न मागता विश्रांती मिळत होती. संगणकाने ही सगळी कामे एका कळीवर आणली. वेळ वाचला, पण त्या बारीक बारीक विश्रांतीही गेल्या. आता कागदपत्र, कॅल्क्युलेटर, टपाल, बैठक आणि करमणूक सगळे त्याच खुर्चीत, त्याच पडद्यावर.

पडदा आणि कीबोर्ड वेगळे झाले

आता या गोष्टीतला कळीचा भाग. १९७० च्या दशकात कार्यालयांत संगणकाचे टर्मिनल आले. सुरुवातीच्या अनेक टर्मिनलांत पडदा आणि कीबोर्ड एकाच पेटीत होते. डीईसी कंपनीचे १९७५ चे व्हीटी-५२ असेच होते. त्यावर दिवसभर काम करणाऱ्यांच्या मान, खांदे आणि डोळ्यांच्या तक्रारी सुरू झाल्या. स्वित्झर्लंडमध्ये झुरिकच्या तंत्रविद्यापीठातले एतिएन ग्रांजाँ यांच्यासारख्या संशोधकांनी प्रत्यक्ष कचेऱ्यांत जाऊन लोक कसे बसतात, त्यांना काय सोयीचे पडते याचा अभ्यास केला.

निष्कर्ष साधा होता. डोळ्यांना पडदा समोर आणि हातभर लांब हवा. हातांना कीबोर्ड जवळ आणि कोपराच्या उंचीला हवा. या दोन जागा वेगळ्या आहेत. म्हणून दोन वस्तूही वेगळ्या हव्यात.

उत्पादकांनी हे ऐकले. डीईसीचेच १९७८ चे व्हीटी-१०० वेगळ्या कीबोर्डसह आले. १९८१ च्या आयबीएम पीसीचा कीबोर्डही गुंडाळीच्या वायरने जोडलेला, हवा तसा सरकवता येणारा होता. मग कायदा आला. युरोपीय समुदायाने २९ मे १९९० रोजी पडद्यावरच्या कामासाठी नियमावली मंजूर केली. तिच्यात स्पष्ट लिहिले आहे की कीबोर्ड पडद्यापासून वेगळा आणि तिरका करता येण्याजोगा असला पाहिजे.

आणि पुन्हा जोडले गेले

त्याच काळात दुसरीकडे वेगळे स्वप्न आकार घेत होते. अमेरिकेतल्या झेरॉक्स पार्क प्रयोगशाळेत अॅलन के यांनी १९७२ मध्ये 'डायनाबुक'ची कल्पना मांडली. वहीसारखा, कुठेही नेता येईल असा संगणक, आणि तोही प्रामुख्याने मुलांसाठी. प्रत्यक्षात १९८१ मध्ये आलेल्या 'ऑस्बोर्न १' या उचलून नेण्याच्या संगणकाचे वजन सुमारे ११ किलो होते. पडदा अवघा ५ इंची. तो विमानप्रवासात नेणाऱ्यांच्या खांद्यांचे काय झाले असेल, ते तुम्हीच ठरवा.

१९८२ मध्ये 'ग्रिड कंपास' आला. ब्रिटिश डिझाइनर बिल मॉग्रिज यांनी त्याला शिंपल्यासारखा आकार दिला : पडदा कीबोर्डवर दुमडून बंद करायचा. हा संगणक नासाच्या अंतराळयानातही गेला. आज तुमच्या समोरचा लॅपटॉप त्याचाच वंशज आहे. १९९१ मध्ये अॅपलच्या पॉवरबुकने कीबोर्ड मागे, पडद्याकडे सरकवला आणि पुढे तळहात टेकायला जागा केली. तीच मांडणी पुढे सगळ्यांनी उचलली.

रचना सुंदर, उपयोगी, यात वाद नाही. पण बिजागरीने पडदा आणि कीबोर्ड पुन्हा एकमेकांना बांधले गेले. लॅपटॉप टेबलावर ठेवला की हात ठीक राहतात, पण मान खाली जाते. पडदा डोळ्यांसमोर येईल इतका उचलला की मान ठीक, पण हात वर आणि खांदे ताणलेले. दोन्ही एकाच वेळी नीट होऊच शकत नाही. महागड्या लॅपटॉपमध्येही नाही.

हे नियमावली लिहिणाऱ्यांनाही ठाऊक होते. म्हणून १९९० च्या त्या नियमावलीतून, कामाच्या जागी दीर्घकाळ वापरली जात नाहीत अशी 'उचलून नेण्याची' यंत्रे वगळली होती. गृहीत हे, की लॅपटॉप प्रवासात तासभर वापरायचा, रोजच्या कामाला टेबलावरचा संगणक आहेच. हे गृहीत हळूहळू मोडत होतेच. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली आणि ते पार कोसळले. पुण्या-मुंबईच्या दोन खोल्यांच्या घरांत जेवणाच्या टेबलावर, पलंगावर, ओट्यावर, कपाटाच्या फळीवर कार्यालये उघडली. जे यंत्र तासाभरासाठी होते त्यावर दहा-दहा तास काम सुरू झाले, आणि बऱ्याच जणांचे ते तसेच चालू राहिले.

माणसाचे डोके साधारण साडेचार ते पाच किलोचे असते. मान सरळ असताना हा भार मणक्यांवर बऱ्यापैकी तोललेला राहतो. डोके पुढे झुकले की ते पडू नये म्हणून मानेच्या मागच्या स्नायूंना ते सतत ओढून धरावे लागते. पाच किलोची पिशवी हाताने सरळ खाली धरा आणि मग हात पुढे करून धरा. फरक मिनिटभरात कळेल. संध्याकाळी 'धरणारी' मान ही बहुतेक वेळा दमलेली मान असते, झिजलेली नव्हे.

ऑस्ट्रेलियाचा धडा

१९८० च्या दशकात ऑस्ट्रेलियात कीबोर्डवर काम करणाऱ्यांत हातदुखीची मोठी लाट आली. 'आरएसआय' हा शब्द घरोघरी पोहोचला, भरपाईचे दावे झपाट्याने वाढले आणि १९८५ च्या सुमारास शिखर गाठून ओसरले. त्या काळात तिथल्या टेलिकॉम खात्यात एक विचित्र गोष्ट दिसली. यंत्रे सारखीच असून वेगवेगळ्या राज्यांत तक्रारींचे प्रमाण फार वेगळे होते. शिवाय सर्वात जास्त कळा दाबणाऱ्यांनाच सर्वात जास्त त्रास होता असेही नव्हते.

काहींनी यावरून "हे सगळे मनाचे खेळ" असा निष्कर्ष काढला. तो चुकीचा आहे. वेदना खऱ्या होत्या. पण वेदनेमागे खुर्ची आणि कीबोर्ड एवढेच नसते. कामाचा दाब, कामावर आपला ताबा नसणे, नोकरीची धास्ती, झोप आणि "आपला हात कायमचा गेला" ही भीती, हे सगळे वेदना वाढवते. रामाझिनींचे तिसरे कारण आठवले का? म्हणून नवी खुर्ची आणूनही मान दुखायची थांबत नसेल, तर रात्री अकरापर्यंत चालणाऱ्या कॉल्सचा विचार करा.

मांडीवरची शेगडी

लॅपटॉप या शब्दाचा अर्थच 'मांडीवरचा'. पण मांडी ही त्याची जागा नाही.

काश्मीरमध्ये थंडीत फिरनच्या आत निखाऱ्यांची कांगडी धरतात. वर्षानुवर्षे तसे केल्याने मांड्यांवर आणि पोटावर तपकिरी, जाळीसारखे डाग पडतात. क्वचित त्या जागी त्वचेचा कर्करोगही होतो. हे एकोणिसाव्या शतकातच काश्मीरमधल्या मिशनरी डॉक्टरांनी नोंदवले होते. भाजण्याइतकी नाही, पण रोज बराच वेळ लागणारी ऊब असे डाग पाडते. साधारण ४३ ते ४७ अंश सेल्सिअसची उष्णता त्याला पुरेशी असते. २००० नंतर तसेच डाग लॅपटॉप मांडीवर ठेवणाऱ्यांत दिसू लागले. घाबरू नका, लॅपटॉपचे डाग लवकर लक्षात आले आणि उष्णता थांबवली तर बहुधा हळूहळू फिके होतात. पण असे डाग दिसले तर तो इशारा समजा.

दुसरा मुद्दा पुरुषांसाठी. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात २९ निरोगी तरुणांना तासभर लॅपटॉप मांडीवर घेऊन बसवले. वृषणाचे तापमान सुमारे २.६ ते २.८ अंशांनी वाढले. गंमत म्हणजे लॅपटॉप नसताना, नुसते मांड्या जुळवून बसल्यानेही ते २.१ अंशांनी वाढले होते. यावरून लॅपटॉपने वंध्यत्व येते असे सिद्ध होत नाही. पण मूल होण्यासाठी प्रयत्न चालू असतील तर तो टेबलावर ठेवणे एवढे तरी करता येते. त्यासाठी पैसे पडत नाहीत.

डोळे मिटायचे विसरतात

१९९३ मध्ये जपानी नेत्रतज्ज्ञांनी कार्यालयातल्या लोकांच्या पापण्यांची उघडझाप मोजली. निवांत बसले असताना मिनिटाला सरासरी २२ वेळा, पुस्तक वाचताना १० वेळा, पडद्यासमोर फक्त ७ वेळा. पापणी हा डोळ्यांचा वायपर आहे. तो थांबला की अश्रूंचा थर सुकतो आणि डोळे चुरचुरतात. पडदा उंच असला तर डोळे जास्त उघडे राहतात आणि आणखी सुकतात. म्हणून पडदा डोळ्यांच्या पातळीला किंवा किंचित खाली हवा, वर नको.

मग करायचे काय?

इतिहासाचे सार एका वाक्यात : पडदा आणि कीबोर्ड पुन्हा वेगळे करा, आणि टाइपरायटरने दिलेल्या विश्रांती परत मिळवा.

१. रोज दोन तासांहून जास्त काम असेल तर वेगळा कीबोर्ड आणि माऊस घ्या. लॅपटॉपखाली स्टँड, नाहीतर जाड पुस्तके ठेवा. पडद्याची वरची कड डोळ्यांच्या रेषेत किंवा थोडी खाली आणि अंतर हातभर ठेवा. हवा खेळण्याच्या जाळ्या झाकू नका.

२. दोन भागांचा किंवा प्रोग्रेसिव्ह चष्मा असेल तर पडदा आणखी खाली घ्या. नाहीतर खालच्या भिंगातून पाहण्यासाठी हनुवटी वर करावी लागते आणि मान उलट बाजूने दुखते.

३. कोपरे अंगाजवळ आणि साधारण काटकोनात ठेवा, मनगट सरळ. माऊस कीबोर्डला लागून असावा.

४. पाय जमिनीवर टेकू द्या. खुर्ची उंच असेल तर पायाखाली पाट ठेवा. कमरेमागे गुंडाळलेला टॉवेलही चालतो.

५. खिडकी पडद्याच्या बाजूला असावी, समोर किंवा पाठीमागे नको.

६. दर वीस मिनिटांनी वीस फूट लांबच्या वस्तूकडे वीस सेकंद पाहा आणि मुद्दाम पापण्या मिटा. दर अर्ध्या-पाऊण तासाने उठा. पाण्याची बाटली टेबलावर न ठेवता लहान पेल्यात पाणी आणा, म्हणजे उठावेच लागेल. फोनवर बोलणे चालता चालता करा.

७. पलंगावर लोळून काम करू नका. गादी-उशीवर लॅपटॉप तापतोही जास्त. बॅटरी फुगून तळ उचललेला दिसला तर वापर लगेच थांबवा.

अगदी योग्य आसनातही तीन तास न हलता बसलात तर दुखणारच. शरीराला एका 'योग्य' आसनापेक्षा आसन बदलत राहणे जास्त मानवते.

डॉक्टरांकडे कधी जायचे?

साधी दमलेली मान या बदलांनी काही आठवड्यांत सुधारते. पण पुढीलपैकी काही असेल तर वाट पाहू नका : अंगठा, तर्जनी आणि मधल्या बोटाला मुंग्या येऊन रात्री जाग येणे, हातातून वस्तू पडणे, मानेतून हातात उतरणारी कळ, पायांत जडपणा किंवा चालताना तोल जाणे, लघवी-शौचावरचा ताबा सुटणे, ताप किंवा वजन घटण्यासोबतची मानदुखी. बोटांच्या मुंग्यांमागे मनगटातली नस दबलेली असू शकते. मधुमेह, थायरॉइडची कमतरता आणि गरोदरपण यांतही ती दबते, म्हणून सगळा दोष लॅपटॉपला देऊन तपासणी टाळू नका.

आणि दवाखान्यात जाल तेव्हा रामाझिनींचा प्रश्न डॉक्टरांनी विचारला नाही तरी तुम्ही उत्तर द्या. काम काय करता, किती तास, कुठे आणि कसे बसून, हे सांगा. मोबाइलमध्ये आपल्या कामाच्या जागेचा, नेहमीसारखे बसलेले असताना कुणाकडून तरी काढून घेतलेला एक फोटो न्या. निदान करायला त्याची मोठी मदत होते.